कुलगुरूंना आणि स्त्री अभ्यास केंद्रांना खुलं पत्र : मोर्च्यात मागे चालणाऱ्या बायकांचं बोलणं आता तरी रेकॉर्ड करा

महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे कुलगुरू आणि स्त्री अभ्यास केंद्रांतली प्राध्यापक मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येते. १९७२ च्या दुष्काळापासून पुढची दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्रात ज्या बायका मोर्च्यात होत्या, शिबिरांना जात होत्या, धरण्यावर बसत होत्या, जेलमध्ये जाऊन आल्या, त्यातली जी तेव्हा वीस वर्षांची होती ती आज सत्तरी ओलांडून गेलीय आणि जी पस्तिशीची होती ती नव्वदीच्या आसपास आहे, म्हणजे असली तर. ऐकू कमी येतंय, गुडघे गेलेत, काहींना विसरायला व्हायला लागलंय. यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच फायलीत नाही आणि ते घ्यायला आपल्याकडे फार तर पाच-सात वर्षं उरलीत. हे काम करण्याएवढी माणसं, खोल्या, कॉम्प्युटर आणि मुलं एकाच ठिकाणी आहेत ती फक्त तुमच्याकडे. म्हणून पत्र तुम्हाला लिहितेय, सरकारला नाही.

२०२० आणि २१ या दोन वर्षांत विद्या बाळ गेल्या, पुष्पा भावे गेल्या, गेल ऑम्व्हेट गेल्या, हौसाताई पाटील गेल्या. पहिल्या तिघींनी लिहून ठेवलं, भाषणं केली, त्यांच्या मुलाखती झाल्या, त्यामुळे त्यांचं निदान वाचायला तरी मिळतं. हौसाताईंचं मात्र बघा. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी, प्रतिसरकारच्या (सातारकडे इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या) काळात विशीच्या आतली पोर. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि एका सहकाऱ्याने नवरा-बायकोचं भांडण लावलं, तो मारतोय, या रडतायत, त्याने मोठा दगड उचलला तसे पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेतल्या साथीदाराला सोडवायला गेल्या तेव्हा रात्री लाकडी पेटीवर तरंगत मांडवी पार केली. हे सगळं त्यांनी नव्वदी उलटल्यावर ‘परी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटच्या पी. साईनाथ यांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोर सांगितलं, म्हणून आज त्यांच्या तोंडून ऐकता येतं. पोलिसांच्या कागदात बंदुका गेल्याची नोंद फार तर सापडेल. ते भांडण लुटुपुटीचं होतं पण मार खरा बसला होता, हे कुठल्या नोंदीत सापडणार? सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती गोष्ट एका बाईच्या डोक्यात होती आणि कुणीतरी वेळेत जाऊन विचारलं एवढंच. ज्यांच्याकडे कुणीच गेलं नाही अशा किती असतील.

आता मुंबईचं घ्या. १९७२ ला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी ही नावं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत आणि असायलाच हवीत. तेल, रवा, रॉकेल मिळेना म्हणून लाटणी घेऊन थाळ्या बडवत हजारो बायका रस्त्यावर आल्या. ७७ ला मृणालताई निवडून आल्या, इंदिराबाई पडल्या आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा पोरासोरांच्या तोंडी होती. पण थाळी बडवणाऱ्या त्या हजारो बायका कोण होत्या? कुठल्या चाळीतून आल्या, घरी काय सांगून निघाल्या, परत गेल्यावर काय झालं? आपल्याकडे मोर्च्याचे फोटो आहेत, आणि फोटोखाली लिहिलेलं असतं, मोर्च्यातील महिला.

गोरेगावला अशाच एका आजींकडे मी रेकॉर्डिंगला गेले होते (नाव सांगत नाही, त्यांनी तसं सांगितलंय). मुलगा दारातच म्हणाला, आईला आता काही आठवत नाही, तुम्ही उगाच त्रास घेताय. आजी पण म्हणाल्या की मी काय बाई, मागनं चालणारी, तुम्ही मृणालताईंना विचारायला हवं होतं. मोर्च्याबद्दल काय विचारलं तरी उत्तर एका वाक्यात संपायचं, महागाई होती म्हणून गेलो. मग मी विचारलं की त्या दिवशी घरी स्वयंपाक कोणी केला, आणि तिथून जी सुरुवात झाली ती थांबेचना. पहाटे उठून भाकऱ्या थापून ठेवल्या, धाकटा अजून अंगावर पीत होता त्याला शेजारणीकडे दिला, तिचंही तान्हं होतं त्यामुळे तिने दोघांना पाजलं. थाळी जर्मनची होती, बडवून बडवून तिला मोठा पोचा आला, घरी आल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत पण पुढे कितीतरी महिने आजींचं ताट म्हणून तीच पोचा आलेली थाळी वाढायच्या. हे सांगताना आजी हसत होत्या आणि मधेच गप्प झाल्या, कुकरची शिट्टी झाली, सुनेने गॅस बारीक केला आणि सून तिथेच दारात उभी राहून ऐकायला लागली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. घरातल्या कुणीच कधी विचारलं नव्हतं.

शेजारणीने दुसरीचं मूल पाजलं म्हणून ती मोर्च्याला जाऊ शकली, हा चळवळीचा इतिहास आहे असं माझं ठाम मत आहे. सुट्टा किस्सा म्हणून तो बाजूला ठेवता येणार नाही. मोर्चा कसा उभा राहतो ते यातून कळतं, पत्रकं आणि ठराव वाचून नाही कळत.

मुंबईबाहेर गेलं की परिस्थिती अजून अवघड आहे. शहाद्याला आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेच्या काळात भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली, गावोगाव फिरून फोडली. त्यांच्याविषयी अभ्यासकांनी लिहिलंय, इंग्रजीत तर बरंच लिहिलंय, पण त्यांच्या स्वतःच्या बोलीतलं त्यांचं सांगणं कुठे ऐकायला मिळेल? मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ ला झाला, नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, लाँग मार्च निघाले, माणसं जेलमध्ये गेली. जळलेलं घर दुसऱ्या दिवशी कोणी आवरलं, पोरांना घेऊन कुठल्या नातेवाइकाकडे कोण गेलं, आणि तरीसुद्धा पुढच्या मोर्च्याला कोण आलं, हे सांगणाऱ्या बायका औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे अजून आहेत. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायकांचा महापूर आला होता, त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि गावंच्या गावं बायकांच्या नावावर जमीन करायला लागली. सातबाऱ्यावर नाव लागलं त्यानंतर घरात काय बदललं, काही बदललं का, जमीन विकायची वेळ आली तेव्हा सही कोणी आणि कशी घेतली, हे त्या बाईला सोडून कोण सांगणार? संगमनेरकडच्या परित्यक्ता चळवळीतल्या बायका, सिन्नर-सोलापूर-निपाणीच्या विडी कामगार बायका, गिरण्यांमधल्या... यादी करत बसले तर पत्र संपणार नाही.

हे काम आधी कुणी केलंच नाही असं अजिबात नाही, आणि ज्यांनी केलं त्यांच्यापुढे मी हात जोडते. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव, वस्त्यांमध्ये फिरल्या आणि १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. दोघींच्या पाठीशी विद्यापीठ नव्हतं, ग्रँट नव्हती. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या, घटस्फोटाचा हक्क हवा आणि एका पुरुषाने अनेक बायका करणं बंद व्हावं असे ठराव १९४२ साली झाले! अशा सभांना गेलेल्या, काळारामच्या सत्याग्रहात असलेल्या बायका या दोघींनी गाठल्या तेव्हा त्या म्हाताऱ्या झालेल्या होत्या. आणखी दहा वर्षं थांबल्या असत्या तर ते पुस्तक झालंच नसतं. आपण आज त्याच जागी उभे आहोत, फक्त पिढी पुढची आहे.

मुंबईत १९८८ ला सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ उभं केलं, स्त्रियांचे आवाज आणि चित्रं जपणारं अर्काइव्ह, ते आजही आहे. नंदिनी ओझा यांनी नर्मदेच्या लढ्यातल्या माणसांचे आवाज कितीतरी वर्षं खपून गोळा केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर, आणि त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, सासुरवासही आहे, सगळं आहे. हे सगळं कुणी केलं तर वेड्यासारखं काम करणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसांनी, छोट्या संस्थांनी. देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ ला आपल्याच एसएनडीटीत सुरू झालं, पुणे विद्यापीठाचं ८७ पासून आहे, तिथे चांगलं काम झालंय हे मला माहितीये. पण केंद्रातल्या दोन-तीन प्राध्यापिका, त्यातल्या अर्ध्या कंत्राटी, त्यांच्या जिवावर अख्ख्या महाराष्ट्राचं हे काम होणार नाही. ते विद्यापीठाने विद्यापीठ म्हणून अंगावर घ्यायला लागेल.

आणि आता तर तुमच्या हातात एक गोष्ट आलेली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक मुलाला फील्ड प्रोजेक्ट आहे, कम्युनिटी एंगेजमेंट आहे, त्याला क्रेडिट आहेत. कॉलेजं काय करतात तर मुलांना कुठेतरी सर्वे भरायला लावतात, दहा फोटो काढतात, स्पायरल बाइंडिंग करून फाइल जमा, जूनमध्ये ती फाइल रद्दीत. त्याऐवजी इतिहास, समाजशास्त्र, मराठी, पत्रकारिता, सोशल वर्कच्या मुलामुलींना सांगा की तुझ्या तालुक्यातली चळवळीत असलेली एक बाई शोध, तिच्याकडे तीन-चार वेळा जा, चार-पाच तास रेकॉर्डिंग कर, शब्दन् शब्द उतरवून काढ, याला पूर्ण क्रेडिट. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, त्यामुळे हे काम हलकं नाही, तास भरून निघतात. शंभर कॉलेजांतून दहा-दहा पोरं लागली तरी एका वर्षात हजार बायकांचं बोलणं जमा होतं. नांदेडच्या बाईकडे मुंबईची संशोधक जाण्यापेक्षा नांदेडचीच पोरगी गेलेली कधीही चांगली, तिला ती भाषा येते, ती कुणाची कोण हे आजींना कळतं आणि मग त्या बोलतात.

साठवायला जागा नाही, पैसे नाहीत हे मी ऐकून घेणार नाही, खरंच नाही. चांगल्या दर्जाचं वेव्ह फाइलमधलं रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी होतं. हजार तास म्हणजे एक हजार जीबी, ते एका छोट्या हार्ड डिस्कमध्ये बसतं. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा, दरवर्षी उघडून तपासा, दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. यासाठी लागतो तो एक माणूस, कायमचा नेमलेला, ज्याचं हेच काम आहे. प्रोजेक्ट संपला की पेन ड्राइव्ह सरांच्या ड्रॉवरमध्ये आणि सर रिटायर, असं होता कामा नये.

जुन्या कॅसेट्सचं तर फारच वाईट आहे. ऐंशीच्या दशकात शिबिरांमध्ये टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून चर्चा रेकॉर्ड व्हायच्या, गाणी, भांडणं, रडणं सगळं. त्या कॅसेट्स आज कार्यकर्त्यांच्या माळ्यावर आहेत, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, टेप एकमेकीला चिकटते. एका संघटनेने ऑफिस हलवताना कॅसेट्सचं अख्खं खोकं भंगारात दिलं, मला नंतर कळलं, ज्यांनी दिलं त्यांनाही वाईट वाटलं पण ठेवायचं कुठे हा त्यांचा प्रश्न खराच होता. एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला पूर्ण एक तास लागतो, त्यात शॉर्टकट नाही, आणि चालू स्थितीतले प्लेअर व ते दुरुस्त करणारी माणसं दिवसेंदिवस कमी होतायत. प्रत्येक विद्यापीठाने जाहीर करावं की चळवळीतल्या जुन्या कॅसेट्स, डायऱ्या, पत्रकं आमच्याकडे आणा, आम्ही कॉपी करून मूळ वस्तू तुम्हाला परत देऊ. परत देऊ हे ठळक लिहा, नाहीतर कुणी देणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता जे सांगतेय त्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. हे रेकॉर्डिंग कसं केलं जातं ते फार महत्त्वाचं आहे आणि तिथे घाई झाली तर केलेलं काम न केल्यासारखं होईल.

एक तर आजींचं बोलणं शुद्ध करू नका. अहिराणी असेल तर अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, मालवणी, जे असेल ते तसंच उतरवा, खाली हवं तर प्रमाण मराठीत द्या. ‘म्या म्हन्लं’चं ‘मी म्हणाले’ केलं की पुढच्या अभ्यासकाला ती बाई ऐकूच येत नाही. गप्प बसली तर गप्प बसली असं लिहा. आणि फक्त चळवळ विचारू नका, लग्न कधी झालं, शाळा का सुटली, मार खाल्ला का, पाळी आली तेव्हा जेलमध्ये काय केलं, कोणत्या मैत्रिणीशी बोलणं तुटलं, संघटनेतल्या पुरुषांनी चहा करायला लावला का, हे पण विचारा. सगळ्याजणी सगळं सांगणार नाहीत. ज्या सांगतील त्यांच्यासाठी मुलांना आधी नीट तयार करा, कारण वीस वर्षांच्या मुलीसमोर एखादी बाई पन्नास वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगते तेव्हा ती मुलगी पण हलते. त्या मुलीला नंतर बोलायला कुणीतरी हवं.

दुसरं म्हणजे संमती. एका छापील फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं होत नाही. तिला ऐकवा, तिच्या भाषेत समजावा की हे कोण ऐकणार, नेटवर जाणार का, नाव घालायचं का नाही. अमुक भाग माझ्या हयातीत उघडू नका म्हणाली तर तेवढा भाग बंद ठेवायची सोय करा, चांगल्या अर्काइव्हमध्ये अशी सोय असतेच. यात नवऱ्याबद्दल, दिराबद्दल, गावच्या पाटलाबद्दल बोललेलं असतं, आणि ती आजही त्याच गावात राहते हे मुंबई-पुण्यात बसून आपल्याला लक्षात येत नाही. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत तिला द्यायचीच, नातवाच्या फोनवर टाकून द्या, ते पुरतं. आयुष्यभर हिच्याकडून सह्या, गर्दी, भाषणं, सर्वे घेतले गेले, घेऊन गेलेलं परत कुणी आणून दाखवलं नाही.

वाद होतील याचीही तयारी ठेवा. दोन बायका एकाच मोर्च्याबद्दल उलटं सांगतील, तारखा चुकतील, एखादी म्हणेल की आमच्या नेत्याने आम्हाला फसवलं, दलित बायका सवर्ण कार्यकर्त्यांबद्दल बोलतील आणि ते ऐकायला बरं वाटणार नाही. चळवळीतल्याच काहीजणी मला म्हणाल्या की घरातलं धुणं बाहेर कशाला. मला त्यांची काळजी समजते, आज चळवळींना नावं ठेवायला लोक टपलेलेच आहेत. तरीही माझं म्हणणं आहे की सगळं ठेवा, चुकीची तारीख सुद्धा ठेवा, खाली टीप द्या की कागदपत्रात अशी तारीख आहे. छाटून गोड केलेला इतिहास पुढच्या मुलींच्या काही कामाचा नाही, त्यांना हे माहीत असायला हवं की भांडणं होऊन सुद्धा काम पुढे गेलं.

एक आठवण करून देते, खुलं पत्र लिहितेय म्हणूनच. १९७९ ला मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. विद्यापीठातल्या माणसांनी ठरवलं तर काय होऊ शकतं ते त्यातून दिसलं, १९८० च्या ८ मार्चला गावोगाव बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला. ते पत्र छापलेलं आहे, आजही कुणालाही वाचता येतं. त्या ८ मार्चला नागपुरात, मुंबईत जी बाई आयुष्यात पहिल्यांदा बोर्ड हातात घेऊन उभी राहिली, बलात्कार हा शब्द चारचौघांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली, तिचं सांगणं मात्र आपल्याकडे नाही. ती कदाचित तुमच्या कॅम्पसपासून दोन स्टॉपवर राहत असेल.

तर माझं मागणं हे आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी अभ्यास मंडळांत विषय घ्या आणि मौखिक इतिहासाला फील्ड प्रोजेक्ट म्हणून मान्यता देणारं परिपत्रक काढा. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी कॉलेज नेमा, तिथे दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवा, ज्यांनी हे काम आधी केलंय त्यांना मानधन देऊन बोलवा, फुकट नको. ग्रंथालयात एक पूर्णवेळ जागा भरा. आणि ८ मार्चला सत्कार करताच आहात तर शाल-श्रीफळ देऊन आजींना दहा मिनिटांत घरी पाठवू नका, त्याच आठवड्यात कुणीतरी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेलं पाहिजे.

गोरेगावच्या रेकॉर्डिंगसारखी माझ्याकडची सगळी रेकॉर्डिंग्ज, ज्यांची परवानगी आहे ती, मी पहिल्या विद्यापीठाला द्यायला तयार आहे जे लेखी सांगेल की कुठे ठेवणार, कोण सांभाळणार आणि त्या बायकांनी घातलेल्या अटी पाळणार. माझ्यासारख्या इतरही आहेत, आम्ही एकमेकींना ओळखतो. तुमच्या उत्तराची वाट बघतोय, एकाने उत्तर दिलं तरी पुढच्या आठवड्यात कामाला लागू.

आपली,
माळ्यावरच्या कॅसेट्स उतरवून घेणारी एक माजी विद्यार्थिनी